कासवांच्या किनाऱ्यावर रात्री दिवे मालवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर-डिसेंबर आला की गोव्यात मोरजीच्या टेंबावर मोसमातले पहिले समुद्री कासव अंडी घालायला वर आल्याची बातमी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले समुद्रात सोडल्याची छायाचित्रे छापून येतात. ती पाहून कित्येक जण मुलाबाळांसह मोरजी, आश्वे, मांद्रे, आगोंद, गालजीबागची वाट धरतात. कासव बघावेसे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण या छायाचित्रांत जे दिसते ते फार खटकते. कॅमेऱ्याचा फ्लॅश, तळहातावर धरलेले पिल्लू, पाण्याने भरलेला टब, दिवसाढवळ्या जमलेली गर्दी. यातली एकेक गोष्ट पिल्लाच्या जिवावर बेतणारी आहे. ती का, आणि तिच्याऐवजी काय करावे, हे जरा सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र.

आधी गोव्याची परिस्थिती वेगळी कशी ते समजून घ्यावे लागेल. ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी फेब्रुवारी 2025 मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या सुमारे सात लाख माद्या अंडी घालायला आल्या. तिथे कुत्री, कोल्हे, घारी कितीही आल्या तरी त्यांची पोटे भरून अंडी उरतात, कारण संख्या हेच तिथल्या कासवांचे चिलखत आहे. आपल्याकडे याच जातीच्या माद्या एकेकट्या, वेगवेगळ्या रात्री येतात. अख्ख्या किनाऱ्यावर एका रात्री एखादेच घरटे होते, कित्येक रात्री तेही होत नाही. या एकट्या मादीला गर्दीचे संरक्षण मुळीच नाही. काळोखात, कुणाला कळू न देता येऊन जाणे हाच तिचा एकमेव बचाव. म्हणून ओडिशातली चित्रफीत पाहून ‘कासवे माणसांमधून बिनधास्त फिरतात’ असा समज करून घेऊ नये. इथे एक मादी बिचकून परत फिरली तर त्या रात्रीचे सगळेच गेले.

ऑलिव्ह रिडले हे सागरी कासवांमध्ये लहान चणीचे. पाठ साधारण दोन ते सव्वादोन फूट, वजन 35 ते 45 किलो. मादी लाटांच्या फेसात थोडा वेळ थांबून किनारा न्याहाळते, मग भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूपर्यंत सरपटत येते. पुढच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी, वाळू उडवून अंगापुरता उथळ खळगा करते आणि नंतर मागच्या दोन वल्ह्यांनी, न बघता, आळीपाळीने ओंजळभर वाळू काढत सुराहीसारखी खोली खणते. तळ सुमारे दीड फुटावर, तोंड अरुंद, पोट रुंद. त्यात टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभर-सव्वाशे अंडी पडतात. त्यावर वाळू लोटून ती सगळे अंग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आपटत वाळू धोपटून घट्ट करते. ती धपधप शांत रात्री लांबवर ऐकू येते. हे सगळे पाऊण ते एक तासात आटोपून ती परत जाते आणि त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही.

यातला सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे पाण्यातून बाहेर पडण्यापासून खोली खणून होईपर्यंतचा. या वेळात एक टॉर्च, समोरून चाललेला माणूस किंवा मोठ्याने मारलेली हाक एवढे तिला पुरते. ती अंडी न घालताच समुद्रात जाते. दोन-तीनदा असे झाले की नाइलाजाने भलत्याच ठिकाणी, कधी भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या ओल्या वाळूत अंडी टाकते, आणि ती कुजतात. तेव्हा रात्री किनाऱ्यावर चालताना कासव दिसलेच तर तिथल्या तिथे खाली बसा. टॉर्च आणि मोबाइलचा पडदा बंद करा. हलायचे झाले तर तिच्या मागच्या बाजूने, निदान दहा-पंधरा मीटर लांबून. तिच्या आणि समुद्राच्या मधे कधीच येऊ नका. अंडी पडू लागल्यावर ती सहसा उठत नाही, पण म्हणून जवळ जाऊन फोटो काढायला ती मोकळीक नव्हे. फ्लॅशने तिचे डोळे दिपतात आणि परतीची दिशा चुकते. वनखात्याचा राखणदार असेल तर तो सांगेल तसे वागावे. नसेल तर ती पाण्यात गेल्यावर त्याला कळवावे.

सकाळी फिरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. वाळूवर पाण्यापासून वर गेलेला आणि परत आलेला, दोनेक फुटांहून जरा रुंद पट्टा दिसला तर तो कासवाचा माग. रिडले एकाआड एक वल्हे टाकत चालते, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूच्या खुणा समोरासमोर नसून तिरप्या पडतात. हा माग तुडवू नका, पुसू नका. घरटे नेमके कुठे आहे हे राखणदार त्या मागावरूनच ओळखतो आणि एकदा माग मोडला की ते शोधायला तासन्‌तास लागतात. जागा दाखवण्यासाठी काठी रोवणे किंवा दगडांचे वर्तुळ करणे नको, ते अंडीचोरालाही वाट दाखवते. जवळचा माड, शॅक (किनाऱ्यावरचे झोपडीवजा उपाहारगृह), पायवाट अशी खूण लक्षात ठेवून मोबाइलवरून ठिकाण कळवणे पुरे. मादीच्या पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी दिसली तर तिच्यावरचा क्रमांक वाचून घ्यावा, पट्टी काढू नये. 2021 मध्ये ओडिशात अशी पट्टी बसवलेली मादी जानेवारी 2025 मध्ये आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरला अंडी घालताना सापडली, ती त्या क्रमांकामुळेच. पूर्व किनाऱ्यावरचे कासव पश्चिम किनाऱ्यावरही घरटे करू शकते हे त्या एका पट्टीने दाखवले.

आता दिव्यांविषयी, कारण गोव्यातला खरा प्रश्न हाच आहे. अंडी घालण्याचा मोसम आणि पर्यटनाचा मोसम अगदी एकमेकांवर येतात. नाताळ आणि नववर्षाच्या रात्री किनारे सर्वांत जास्त उजळलेले असतात, नेमक्या त्याच दिवसांत माद्या येत असतात. वाळूतून वर आलेले पिल्लू समुद्र कसा ओळखते? त्याला लाटांचा आवाज दिशा दाखवत नाही. मोकळ्या समुद्रावरचे क्षितिज जमिनीपेक्षा थोडे उजळ असते आणि मागे वाळूच्या टेकड्या, सुरूची झाडे, माड यांची काळी कड उंच दिसते. पिल्लू काळ्या उंच कडेकडे पाठ करून खालच्या, उजळ क्षितिजाकडे धावते. लाखो वर्षे ही युक्ती चुकली नाही. पण माडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या पांढऱ्या एलईडी माळा, शॅकच्या छपरावरचा फोकस, पार्किंगमधला हॅलोजन हे सगळे जमिनीच्या बाजूला क्षितिजापेक्षा कितीतरी उजळ दिसते. मग पिल्ले वर, शॅककडे, रस्त्याकडे चालत सुटतात. रात्रभर वाळूत घिरट्या घालून पहाटे थकून पडतात आणि उजाडताच कावळ्यांच्या तोंडी जातात. किनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोटीत पिल्ले सरळ चालत जातात. हे क्रूर वाटते, पण असेच घडते.

सगळे दिवे सारखे घातक नसतात. कासवाच्या डोळ्याला निळा, हिरवा आणि जांभळ्याकडचा प्रकाश सर्वांत जास्त दिसतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो, म्हणून तो सर्वांत वाईट. ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मिळणारा दिवा आपल्या डोळ्यांना पिवळसर वाटला तरी त्यातही निळा भाग असतोच, तो बसवून काम झाले असे समजू नये. शुद्ध अंबर किंवा तांबडा एलईडी, म्हणजे ज्याची तरंगलांबी 590 नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्यापुढे आहे असा, कासवांना कमी ओढतो. दुकानात दिवा घेताना नुसता रंग न बघता खोक्यावरचा हा आकडा विचारा. पांढऱ्या दिव्यावर पिवळा जिलेटीन कागद गुंडाळण्याचा जुगाड उन्हाने लवकरच पांढरा पडतो.

पण रंगापेक्षाही दिव्याची जागा महत्त्वाची. शॅकमालकांनी आणि हॉटेलवाल्यांनी एक सोपी परीक्षा करावी. सगळे दिवे लावून रात्री नऊ वाजता भरतीच्या रेषेवर जावे आणि वाळूवर चक्क आडवे व्हावे, म्हणजे डोळे कासवाच्या उंचीवर येतात. तिथून जमिनीकडे बघावे. जो दिवा, म्हणजे बल्बचा प्रकाशणारा भाग, थेट दिसतो तो चुकीचा आहे. तो खाली आणा, गुडघ्याच्या उंचीवर, तोंड जमिनीकडे किंवा आतल्या बाजूला. त्याला पत्र्याची किंवा उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपची आडोशाची टोपी घाला. पायवाटेला लागणारा उजेड पायापुरताच पडू द्या. समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावा. सजावटीच्या माळा नोव्हेंबर ते मेपर्यंत समुद्राकडच्या बाजूने नसाव्यात, आणि उरलेले दिवेही गिऱ्हाईक उठले की बंद व्हावेत. हे करायला शॅकमालकाला फार मोठा खर्च येत नाही. बहुतेक ठिकाणी दिवे वाढवण्याऐवजी काढायचेच आहेत.

इथे एक चूक नेहमी होते. एक शॅक अंधार करतो आणि शेजारचे दोन लखलखते ठेवतात. पिल्ले मग त्या अंधाऱ्या शॅकसमोरून आडवी चालत शेजारच्यांकडे जातात. म्हणून हे काम एकेकट्याने करून भागत नाही. पंचायतीने, पर्यटन खात्याने आणि शॅकमालकांनी मिळून पूर्ण पट्टा एकदम अंधारा करायला हवा. परवाना देतानाच दिव्यांची अट लिहून ती एका रात्री प्रत्यक्ष वाळूवर बसून तपासली पाहिजे.

पिल्ले सोडण्याबद्दल आता. अंडी साधारण 45 ते 60 दिवसांनी उबतात, वाळू गरम असेल तर लवकर. पिल्ले कवच फोडून एक-दोन दिवस वाळूखालीच थांबतात, मग वरची वाळू थंड झाल्याचे जाणवताच, म्हणजे बहुधा रात्री, सगळी एकदम उसळून वर येतात. पिल्लू चार सेंटिमीटरचे, वजन पंधरा-वीस ग्रॅम. पोटात अंड्याचा बलक शिल्लक असतो आणि तीच त्याची पहिल्या काही दिवसांची शिदोरी. पुढचे साधारण चोवीस तास ते न थांबता हात मारत राहते. किनाऱ्याजवळच्या माशांच्या टप्प्यातून निसटून खोल पाण्यात पोचण्यासाठी निसर्गाने दिलेली ती एकच धाव आहे. आता कल्पना करा, हीच पिल्ले पहाटे तीनला वर आली आणि पाहुणे येईपर्यंत, शाळेची सहल येईपर्यंत, संध्याकाळी पाचपर्यंत टबात ठेवली. टबात पाणी असेल तर ती आपली सगळी धाव प्लास्टिकच्या भिंतीवर आपटण्यात संपवतात. नंतर समुद्रात सोडलेले पिल्लू पोहताना दिसते, टाळ्या पडतात, पण त्याच्यात खोल पाण्यात जाण्याचे बळ उरलेले नसते.

म्हणून पिल्ले वर आली की ती सोडायची, त्याच तासात. पाहुणे असोत वा नसोत. दिवसा वर आलीच, ढगाळ हवेत असे होते, तर त्यांना पाण्यात ठेवू नये. टोपलीत दमट वाळू घालून, वर ओले फडके टाकून, सावलीत आणि अंधारात ठेवावे आणि तिन्हीसांजेला सोडावे. सोडताना पाण्यात नेऊन टाकू नये. निदान पाच-दहा मीटर वाळू त्यांनी आपल्या पायांनी चालली पाहिजे. आणि त्या वाटेवरची वाळू आधी फळीने सारखी करून घ्यावी. माणसाची टाच ओल्या वाळूत जो खड्डा पाडते तो चार सेंटिमीटरच्या जिवाला विहीर असते. त्यात पडलेले पिल्लू बाहेर येण्यासाठी खटपट करते, उलटे पडते, पुन्हा उठते. बघणाऱ्यांनी दोरीच्या मागे, पिल्लांच्या पाठीशी उभे राहावे. समोर पाण्यात उभे राहू नये, फेसात पायाखाली पिल्लू आलेले कळतही नाही. रोज एकाच ठिकाणी सोडू नये, मासे आणि पक्षी ती जागा शिकतात. हातात घेऊन फोटो काढणे पूर्ण बंद व्हावे.

घरटे हलवण्याबद्दलही गैरसमज फार आहेत. जागा सुरक्षित असेल तर घरटे जिथे आहे तिथेच कुंपण घालून ठेवणे सर्वांत चांगले. वर पाच बाय दहा सेंटिमीटर भोकांची जाळी आडवी पुरली तर कुत्रे खणू शकत नाही आणि पिल्ले मात्र निघून जातात. भरतीचे पाणी पोचणार असेल तरच हलवावे, आणि ते पहिल्या दोन-तीन तासांत. त्यानंतर अंड्यातला गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू लागतो आणि अंडे फिरले किंवा हिंदकळले तर मरतो. अंडी काढताना वरची बाजू वरच ठेवायची, बादलीत त्याच घरट्यातली वाळू घालून न्यायचे, नवा खड्डा मूळ खोलीएवढाच, दीड फूट, सुराहीच्या आकाराचा. उथळ खणला तर ऊन लागते, खोल खणला तर खालची अंडी गुदमरतात. दोन घरट्यांत मीटरभर अंतर हवे. उबवणीची जागा दरवर्षी बदलावी किंवा वरची वाळू काढून नवी घालावी, नाहीतर सडलेल्या अंड्यांची बुरशी पुढच्या वर्षीच्या अंड्यांना लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. सुमारे 29 ते 30 अंशांच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्या वर माद्या, खाली नर. 34-35 अंशांच्या पुढे अंडी मरू लागतात. उघड्या उन्हात सगळी घरटी ठेवली तर वर्षानुवर्षे फक्त माद्याच समुद्रात जातील. म्हणून कुंपणात दीड फुटावर पोचणारा साधा थर्मामीटर हवाच, आणि ऊन वाढल्यावर काही भागावर हिरवे नेट.

बाकी गोष्टी थोडक्यात. लाकडी पलंग आणि छत्र्या सूर्यास्तानंतर उचलून भरतीच्या रेषेपासून दूर, एकावर एक रचाव्यात, मादी त्यांना अडून परत जाते. जीप, एटीव्ही, सफाईचा ट्रॅक्टर कोरड्या वाळूवर नेऊ नये. चाकाखाली वाळू दबते, पिल्लांना वर येता येत नाही, आणि चाकोरीत पडलेले पिल्लू चाकोरीच्याच रेषेने किनाऱ्याला समांतर चालत राहते. कुत्र्यांना किनाऱ्यावर उष्टे टाकणे बंद करावे. वाळूच्या टेकड्या सपाट करून त्यांच्यावर पसरणारी मर्यादवेल उपटणे म्हणजे कासवाची काळी कडच उपटणे.

कायदा काही नवा हवा आहे असे नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. अंड्यांना इजा करणे, घरट्यात ढवळाढवळ करणे हेसुद्धा या कायद्याने शिकारच आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैद, दंड निदान 25,000 रुपये. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग ही नावे कासवांची ठिकाणे म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत आणि तिथे विकासकामे होऊ देऊ नयेत असे म्हटले आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हा नियम 2000 सालापासूनचा. अंमलबजावणी करणाऱ्याने रात्री अकरा वाजता एक फेरी मारावी एवढीच अपेक्षा आहे.

पावसाळ्यात वेगळेच चित्र असते. जाळ्यांचे तुकडे गळ्याला, वल्ह्यांना गुंडाळलेली जखमी कासवे किनाऱ्यावर येऊन पडतात. दयेपोटी लोक त्यांना उचलून परत पाण्यात ढकलतात. तसे करू नका. कासवाला श्वासासाठी वर यावेच लागते, अशक्त कासव बुडून मरते. त्याला सावलीत ठेवा, पाठीवर ओले फडके घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. उलटे करू नका, वल्ह्याला धरून ओढू नका, पाणी-खाणे देऊ नका. दोरी ओढून काढण्याऐवजी अंगापासून दूर कापा, जखमेत रुतलेला भाग डॉक्टरांसाठी ठेवा आणि जीवरक्षकांना किंवा वनखात्याला कळवा. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांना, आणि ट्रॉलरवरच्या खलाशांना एक विनंती. जाळ्यात निपचित कासव आले तर ते मेलेच असे धरू नका. सरळ पोटावर ठेवून मागची बाजू सहा इंच उंच करा, म्हणजे छातीतले पाणी निथळते. अंग ओले आणि सावलीत ठेवा. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, ते मान हलवते. जाळ्यात गुदमरणे हेच त्यांच्या मरणाचे मोठे कारण आहे. जानेवारी 2025 मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवे लागली ती बहुतांशी याच कारणाने.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. कासवांच्या बातम्या जरूर छापा, किती घरटी झाली, किती पिल्ले गेली हे लोकांना कळलेच पाहिजे. मात्र घरट्याची नेमकी जागा छापू नका. फ्लॅश मारून काढलेले किंवा तळहातावरच्या पिल्लाचे छायाचित्र नाकारा, कुणीही पाठवले असले तरी. आणि पिल्ले कधी सोडणार याची आगाऊ वेळ छापू नका, कारण ती वेळ छापली गेली की पिल्लांना तोपर्यंत थांबवून ठेवले जाते.

आपले,
किनाऱ्यावर रात्रीची राखण करणारे काही वाचक,
पेडणे